विहिरीचं पाणी मे महिन्यात खारं का होतं? हे 'पोर्शनमध्ये नाही'

आज जरा मोठी पोस्ट आहे. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या पोरांचा आहे.

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी मी इतक्या वेळा लिहिलीय की आता बोटं आपोआप टाईप करतात. २०१२ साली रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं वेगळं विभागीय मंडळ झालं, तेव्हापासून हे चालू आहे. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२ टक्के. अभिमान आहेच. पोरं आपली, मास्तर आपले, आणि रात्री अकरापर्यंत पोरांच्या शेजारी बसणाऱ्या आयाही आपल्याच.

पण याच मे महिन्यात मी आणखी एक बातमी दरवर्षी लिहितो. विहिरी आटल्या, खाडीकाठच्या वाड्यांत पाणी खारट झालं, टंचाई आराखडा मंजूर, नळयोजनेचं काम रखडलं. कधी कधी या दोन्ही बातम्या पेपरात एकाच पानावर येतात. वर पेढे भरवतानाचा फोटो आणि खाली हंडा-कळशीची रांग. तीस-पस्तीस इंचांपेक्षा जास्त पाऊस न पडणाऱ्या मुलखात टंचाई असेल तर समजू शकतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे शंभर-सव्वाशे इंच. इतका पाऊस आणि इतके टक्के एकाच जिल्ह्यात, तरी दरवर्षी हंडा रांगेत. याचा काहीतरी विचार व्हायला नको?

गेल्या मे महिन्यात बातमीसाठी खाडीकाठच्या एका वाडीत गेलो होतो. विहिरीवर नववी-दहावीची तीन-चार पोरं होती. हुशार पोरं, एकाला नव्वदच्या वर टक्के. सहज विचारलं, "बाबांनो, पाणी खारं का झालं रे?"

"समुद्राचं पाणी आत येतं म्हणून."

"मग पावसाळ्यात का नाही येत? समुद्र तर तेव्हाही तिथेच असतो."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मग त्या नव्वदवाल्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, ह्या आमच्या पोर्शनमध्ये नाय."

बाजूला कळशी भरत असलेली एक म्हातारी काकी मात्र हसली. म्हणाली, "पावसाचा पाणी वरसून ऱ्हवता. तेच्या भारान खारा खाली दबान ऱ्हवता. जास्त उपसलास काय खारा वर येतला."

मी विज्ञानाचा माणूस नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला साधा बातमीदार. घरी येऊन वाचलं, ओळखीच्या एका प्राध्यापकांना फोन केला, तेव्हा कळलं की काकी बोलली ते जवळजवळ शब्दशः शास्त्र आहे. गोडं पाणी हलकं असतं. एक लिटर गोड्या पाण्याचं वजन एक किलो, तर समुद्राच्या पाण्याचं एक किलो पंचवीस ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपियन अभ्यासकांनी १८८८ आणि १९०१ साली त्याचं गणित मांडलं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. उलट बाजूने वाचा. वरची पातळी एक मीटर उतरली की खालचं खारं पाणी चाळीस मीटर वर सरकू शकतं. मे महिन्यात पाऊस नाही, वर तीन-तीन पंप चालू. मग खारं वर येणार नाही तर काय होणार?

हे गणित वाळूच्या जमिनीत बऱ्यापैकी जुळतं. आपल्या जांभ्यात आणि कातळाच्या भेगांत तंतोतंत जुळेलच असं नाही. पण आपल्या वाडीत ते किती जुळतं, हे शोधायला पीएच.डी. लागत नाही. एक दोरी, एक वही आणि बारा महिन्यांची चिकाटी लागते. आणि हे तिन्ही शाळेत मिळायला पाहिजे.

आता बघा, त्या पोराला यातलं काय माहीत नव्हतं? घनता त्याला माहीत होती, व्याख्या पाठ होती. वस्तू पाण्यावर का तरंगते ते विज्ञानात झालं होतं. गुणोत्तर-प्रमाण गणितात झालं होतं. जांभा खडक भूगोलात होता. ग्रामपंचायतीची कर्तव्यं नागरिकशास्त्रात होती. सगळं सुटं सुटं त्याच्या डोक्यात होतं, आणि सुट्या सुट्या प्रश्नांना त्याने पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. विहिरीत मात्र हे सगळे विषय एकत्र येतात. विहिरीला वेळापत्रक नसतं, साडेअकरा ते सव्वाबारा भूगोल आणि मग घंटा असं नसतं. काकीकडे पन्नास वर्षांचं निरीक्षण आहे पण शाळेचे शब्द नाहीत. पोराकडे शब्द आहेत पण निरीक्षण नाही. या दोघांची गाठ घालून देणं हे शाळेचं काम आहे, असं माझं मत आहे.

आधी खरा प्रश्न समोर ठेवायचा आणि तो सोडवताना लागेल तो विषय, लागेल तेव्हा शिकायचा. ही पद्धत काही नवी नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ साली डॉक्टरकीचं शिक्षण असं सुरू केलं. पहिल्या दिवसापासून पोरांसमोर रुग्णाची तक्रार ठेवायची, आणि शरीररचना, औषधं, रसायनशास्त्र त्याच्या अनुषंगाने शिकायचं. फिनलंडने २०१६ च्या अभ्यासक्रमात प्रत्येक शाळेला सांगितलं की वर्षातून निदान एक विषय असा घ्या, ज्यात सगळे विषय एकत्र येतील. लक्षात घ्या, वर्षातून निदान एक. सगळी शाळा उलटीपालटी करा असं त्यांनीही म्हटलेलं नाही.

पण कॅनडा-फिनलंडला जायची गरज नाही. आपल्या महाराष्ट्रातच पाबळ आहे. पुणे जिल्ह्यातलं शिरूर तालुक्यातलं कमी पावसाचं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे पीएच.डी., हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणूस हाताने काम करत करत शिकतो, तर शाळेतही तसंच शिकवू. तिथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय तयार झाला, आणि राज्यातल्या बऱ्याच माध्यमिक शाळांपर्यंत पोचला. आठवड्यातला एक दिवस मुलं काम करतात. वेल्डिंग-सुतारकाम, वीज आणि पर्यावरण, शेती-जनावरं, घर आणि आरोग्य असे चार विभाग. शिकवायला गावातलेच कसबी लोक. आणि काम खोटं खोटं नाही. शाळेचं गेट, शेजाऱ्याच्या घरातलं वायरिंग, कोणाच्या तरी रक्ताचं हिमोग्लोबिन. गेट वाकडं झालं तर मास्तरांनी लाल पेनाने खूण करायची गरज पडत नाही, ते लागतच नाही.

दुसरं उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशातलं. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा सरकारी शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे हजारभर शाळांत गेला. त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली होती, परीक्षाच बदलली होती. मुलं पुस्तक उघडून उत्तरं लिहायची आणि प्रयोग करून दाखवायची. कारण पुस्तकात बघून लिहिता येईल असं काही विचारलेलंच नसायचं. २००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट एका निर्णयात थांबू शकते, हाही त्यातला धडा. सरकारवर सगळं सोडलं की असं होतं.

आता आपल्याकडे येऊ. तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण आपल्या शाळांत असा विषय कुठे आहे? तर मंडळी, आहे. नववी-दहावीला 'जलसुरक्षा' नावाचा विषय काही वर्षांपूर्वी राज्याने आणला. सक्तीचा, श्रेणीचा विषय. बालभारतीचं पुस्तक आहे. पाऊस किती पडतो, पाणी जातं कुठे, आपण वापरतो किती, खराब कसं होतं, हे सगळं उपक्रमांतून करायचं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी इथे घसा कोरडा करतोय ती शासनाने छापून हातात दिलेली आहे.

आणि आपण तिचं काय केलं? यूट्यूबवर 'जलसुरक्षा नववी उत्तरे' असं टाईप करून बघा. व्हिडिओंचा पूर आहे. एकाने उत्तरं सांगायची, राज्यभरातल्या पोरांनी ती वहीत उतरवायची. तुमच्या गावाच्या पाण्याचा हिशोब लिहा, या प्रश्नाचं उत्तर चांद्यापासून बांद्यापर्यंत एकच! वहीला कव्हर, पहिल्या पानावर नळातून गळणाऱ्या थेंबाचं चित्र, रंगीत बॉर्डर, 'अ' श्रेणी. नापिकी, पूर, खारं पाणी, सगळ्यांचं उत्तर 'पाणी हेच जीवन'. विहिरीत दोरी कोणी सोडलीच नाही.

मी यात मास्तरांना झोडपायला बसलेलो नाही. एका ओळखीच्या शिक्षकांशी यावर बोललो, तर ते म्हणाले, "तुम्ही लिहिताय ते बरोबर. पण माझ्याकडे विज्ञान पण आहे, गणित पण आहे. त्यात ऑनलाईन माहिती भरणं, निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराचा हिशोब. विहिरीवर पोरांना कधी नेऊ? आणि एखादं पोर पडलं तर गाव माझ्या घरावर येईल." त्यांचं चूक नाही. म्हणूनच ही गोष्ट एकट्या मास्तरांवर टाकता येणार नाही. पण करायची ठरवली तर जे लागेल ते बरंचसं गावात आधीच आहे. एक एक सांगतो.

पहिलं, पाणी तपासायचं साहित्य. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं किट वापरायचं प्रशिक्षण द्यायचं, असं ठरलेलं आहे. आम्लता, कठीणपणा, क्लोराईड, लोह, नायट्रेट या गोष्टी त्या किटने जागेवर कळतात. ते किट तुमच्या ग्रामपंचायतीत कुठल्या कपाटात आहे, एकदा विचारा. त्या ताईंना महिन्यातून एकदा शाळेत बोलवा. पोरांना शिकवणारी बाई वाडीतलीच असली की विज्ञान म्हणजे पांढरा कोटवाला माणूस हा समजही जरा कमी होईल. शिवाय क्षार मोजायचा पेनासारखा छोटा मीटर दोन-अडीचशे रुपयांत मिळतो. एका बर्थडेच्या केकपेक्षा स्वस्त.

दुसरं, माणसं. जलसुरक्षक आहे, आशाताई आहेत, पंप दुरुस्त करणारा आहे, विहीर खणणारे आहेत. कातळ कुठे फुटतो आणि झरा कुठे लागतो हे त्यांना जेवढं कळतं तेवढं गुगलला कळत नाही. बायोगॅसवर काम करणारी झारापची भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानसारखी संस्था आपल्याच तालुक्यात आहे. शेण, सूक्ष्मजीव, वायू, गॅसची शेगडी आणि घरचा सिलिंडरचा खर्च, हे सगळे विषय एका टाकीत बघायला मिळतात.

तिसरं, प्रश्न. ते तर आपल्याकडे रग्गड आहेत. वालावलचंच घ्या. एका अंगाला कर्ली, देवळाकडे तळं, वर डोंगर, मध्ये माड-पोफळीच्या बागा. तळ्याचं पाणी आणि खालच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी यांचा काही संबंध आहे का? तळं भरलेलं असतं तोपर्यंत कोणत्या विहिरी गोड राहतात? शंभर वर्षांपूर्वी लोक उन्हाळ्यात कुठलं पाणी प्यायचे? शेवटचा प्रश्न इतिहासाचा आहे, पण उत्तर विज्ञानाच्या कामाला येतं.

आता आकडेमोड कशी होईल ते दाखवतो, म्हणजे हा नुसता 'गंमत-जंमत' प्रकार नाही हे पटेल.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमच्या घराचं छप्पर शंभर चौरस मीटर धरा, म्हणजे हजार-अकराशे चौरस फूट. वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटर. झाले तीन लाख लिटर! आता पाच माणसांचं घर, माणशी रोज ५५ लिटर, हा सरकारचाच निकष. दिवसाला २७५ लिटर, वर्षाला साधारण एक लाख. म्हणजे तुमच्या छपरावर तुमच्या गरजेच्या तिप्पट पाणी पडतं आणि पन्हळीतून परड्यात जातं. मग साठवायचं का नाही? डिसेंबर ते मे हे सहा महिने भागवायचे तर पन्नास हजार लिटर लागतील. म्हणजे पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद, दोन मीटर खोल टाकी. तिचा खर्च किती? जांभ्याची बांधली तर गळेल का? डास होतील का? त्यापेक्षा तेच पाणी गाळून विहिरीत सोडलं तर? की पाच घरांनी मिळून एक टाकी बांधायची? बघा, शाळेतलं घनफळ कुठून कुठे गेलं. इथे एकच बरोबर उत्तर नाही, आणि मार्गदर्शकाच्या शेवटच्या पानावर तर नाहीच नाही.

आणखी एक. पिण्याच्या पाण्यात क्लोराईड लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर हजारपर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. समुद्राच्या पाण्यात ते एकोणीस हजारांच्या आसपास असतं. म्हणजे शंभर लिटर गोड्या पाण्यात दीड लिटर समुद्राचं पाणी मिसळलं तरी २५० ची रेघ ओलांडली जाते. दीड लिटर! हे एकदा पोराने स्वतः बादलीत करून, मीटर लावून बघितलं, की पंप किती वेळ चालवायचा या विषयावर घरात बापाशी भांडण करायला ते मोकळं.

नुसतं पाणीच नाही. दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाने माणसं गेली. माकड, गोचीड, काजूचा हंगाम, जंगलात जाणारी माणसं, लस, अफवा. यातलं काय जीवशास्त्र, काय भूगोल आणि काय अर्थशास्त्र? पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्यांना लेप्टो का होतो? काजूच्या बोंडूचे ढीग कुजून जातात, त्यातून काय करता येईल? कोकमाच्या आगळात खाण्याचा सोडा टाकला की रंग का बदलतो? प्रत्येक तालुक्याला पुरून उरतील इतके प्रश्न आहेत.

आता आक्षेप. कॉमेंटमध्ये येणारच आहेत, म्हणून आधीच घेतो.

"असल्या उद्योगांनी नीट, जेईई सुटणार आहे का?" तुमचं पोर त्या परीक्षेला बसणार असेल तर बसू दे, अभ्यास करू दे. आठवड्यातले दोन तास विहिरीला दिले म्हणून कोणाची सीट जात नाही. आणि वर्गातल्या चाळीसपैकी किती जण डॉक्टर-इंजिनिअर होतात, मोजा. बाकीचे इथेच राहतात किंवा मुंबई-गोव्याला जातात. होमस्टे काढतात, बाग करतात, ट्रॉलरवर जातात, ग्रामपंचायतीत निवडून येतात. कुठला बोअरवाला खोटं बोलतोय, कुठल्या योजनेत पाण्याचा उगमच चुकीच्या जागी धरलाय, हे ओळखायचं शहाणपण या सगळ्यांना लागतं. किंबहुना जास्त लागतं.

"पण आधी पाया पक्का नको का?" हा आक्षेप मला रास्त वाटतो. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तीन अभ्यासकांनी लेख लिहून सांगितलं, की नवशिक्या मुलांना मार्गदर्शनाशिवाय 'तुम्हीच शोधा' म्हणून सोडून दिलं तर ती गोंधळतात आणि शिकत नाहीत. शंभर टक्के मान्य. म्हणूनच यात मास्तर आणखी महत्त्वाचे ठरतात. घनता शिकवावी लागेलच, तक्ता काढायला शिकवावा लागेल, एकाच विहिरीचे दोन आकडे वेगळे आले तर काय करायचं ते शिकवावं लागेल. फरक एवढाच, की पोराला आपण हे का शिकतोय ते माहीत असेल.

"आमच्या शाळेचा पट दहा-बारा, आमच्याकडून काय होणार?" उलट तुमच्याकडेच होईल. साठ पोरं विहिरीवर नेता येत नाहीत, दहा नेता येतात. तिसरी ते पाचवीपर्यंत 'परिसर अभ्यास' एकत्रच असतो. विषयांच्या भिंती आपण नंतर बांधतो.

"आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं की." होतं. मी दरवर्षी कव्हर करतो. थर्माकोलचा ज्वालामुखी, थर्माकोलची पवनचक्की, थर्माकोलचं स्मार्ट व्हिलेज. दोन दिवसांनी शाळेच्या मागे त्याच थर्माकोलची होळी. काही पोरं खरोखर चांगलं काम करतात, विशेषतः राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेसाठी. १९९३ पासून देशभर चालू असलेला हा उपक्रम दहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि त्यात परिसरातलाच प्रश्न घ्यायचा असतो, आपल्या भाषेत मांडायचा असतो. पण ते शाळेतल्या दोन-चार निवडक पोरांपुरतं राहतं. बाकीचे टाळ्या वाजवायला.

मला जे हवंय ते फार मोठं नाही. एक गाव, एक शाळा, एक वर्ष, एक प्रश्न.

जूनमध्ये वाडीतल्या पाच विहिरी निवडा. दर शनिवारी एक मोठा माणूस बरोबर घेऊन, कठडा असलेल्या विहिरीवरच, मुलांनी दोरीने पातळी मोजायची, मीटरने क्षार मोजायचे, तारीख-वेळ लिहायची, भरती की ओहोटी तेही लिहायचं. शाळेच्या आवारात सरळ उभ्या भांड्यात रोजचा पाऊस मोजायचा. गणिताच्या तासाला त्याचा आलेख. भूगोलाच्या तासाला विहिरींचा नकाशा आणि उंची. इतिहासाच्या तासाला म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या पाणवठ्यांची माहिती. मराठीच्या तासाला त्याचा अहवाल, आणि तो चार ओळींचा निबंध नव्हे. आणि १ मे च्या ग्रामसभेत, टंचाई जेव्हा तोंडावर असते तेव्हा, मुलांनी उभं राहून आकडे वाचायचे. कुठली विहीर कधी खारावली, त्या आठवड्यात पंप किती तास चालले, पाणी किती हात उतरलं.

गावातले लोक तेव्हा काय करतात ते मला बघायचंय. बातमीदाराने प्रश्न विचारला की 'ह्याचो काय संबंध' म्हणून उडवता येतो. स्वतःच्या पोराने वहीतला आकडा वाचला की उडवता येत नाही.

आणि मार्क? दहावीला विज्ञानाच्या दोन पेपरांचे ४०-४० आणि प्रात्यक्षिकाचे २० असतात. ते २० कसे दिले जातात हे मी सांगत नाही, तुम्हालाही माहीत आहे. निदान जलसुरक्षेची श्रेणी तरी या वहीवर द्या. अट एकच. त्या वहीत खाडाखोड असली पाहिजे. ज्या वहीत एकही आकडा चुकलेला, परत मोजलेला, शंका घेतलेला नाही, ती वही विहिरीवर गेलेलीच नाही असं समजा.

डिप्लोमाला आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. याशिवाय बातमी होत नाही. आणि कोणी काही सांगितलं तर दुसऱ्या ठिकाणी तपासून घ्या. विज्ञानाची कौशल्यं म्हणतात ती यापेक्षा फार वेगळी नसावीत. बघा, मोजा, लिहून ठेवा, का ते विचारा, परत तपासा, आणि आपलं चुकलं तर तसं सांगा. व्हॉट्सअपवर रोज जे फिरतं ते बघता, ही सहा कामं करता येणारी पोरं गावाला किती हवीत हे मी सांगायला नको.

तर आता काम सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीत तुमच्यापैकी बरेच जण आहात. पुढच्या बैठकीत, रंगकाम आणि स्नेहसंमेलनाचे विषय झाले की, एक विषय मांडा. 'जलसुरक्षेच्या तासाला आपली मुलं कुठल्या विहिरीवर जातात?' आणि ग्रामपंचायत सदस्यांनो, ते तपासणी किट कुठे आहे ते बघा, मुदत संपली असेल तर नवीन मागवा. सरकारी खर्चाने आलंय ते.

ज्या शाळा हे आधीपासून करत असतील त्यांनी खाली लिहा. मी स्वतः येऊन बातमी करीन, फोटोसकट. निकालाच्या बातमीपेक्षा मोठी करीन.

आणि तुमच्या वाडीतली कुठली विहीर कुठल्या महिन्यात खारी होते, तेही लिहा. वाडीचं नाव, महिना, विहीर कोणाच्या परड्यात ते नको. यादी मी करतो. पहिली वही तिथूनच सुरू करू.